पत्ता सध्या नाही

६ फेब्रुवारी
पत्ता : सध्या नाही

दादा,

वर 'तीर्थरूप' लिहिलं होतं, खोडलं. नऊ वर्षांनी एकदम तीर्थरूप म्हटलं तर तू पत्र तिथेच चुरगाळशील. नुसतं दादा चालेल असं धरून चालतो.

तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे फाडणार असशील तर आधी वहिनीला वाचू दे, मग फाड.

सांगायचं ते असं की आम्ही दोघं शहरात आलोय, मी आणि ही. कामानिमित्त. रंगाचं काम नाही, दुसरं आहे. सात आठवडे लागतील. तेवढ्यापुरती जागा हवी आहे आणि ती काही मिळत नाही. सहा दिवसांत एकोणीस खोल्या पाहिल्या. पायांचे तुकडे पडलेत.

पहिल्या एजंटने विचारलं, "किती दिवसांसाठी?" म्हटलं, सात आठवडे. तो हसला. म्हणाला, "काका, सात आठवड्यांसाठी भाड्याने सायकल मिळते, घर नाही मिळत." इथे वर्षाचा करार करतात. मी म्हटलं, अहो मला वर्षभर राहायचंच नाहीये. तर म्हणतो, "नका राहू ना. भाडं तेवढं वर्षाचं भरा." वर हे असं सांगतो, जसं काही मला सवलतच देतोय.

दिवसावर घर देणारेही असतात, फिरायला येणाऱ्या लोकांसाठी. असं एक पाहिलं. पलंगावर टॉवेल दुमडून त्याचा हंस करून ठेवला होता. हिला तो हंस फार आवडला, चारी बाजूंनी बघत होती. एका दिवसाचं भाडं ऐकलं आणि आम्ही हंसाला तिथेच सोडून जिना उतरलो.

एक खोली गच्चीवर होती. तिच्यात मधोमध पाण्याची टाकी. मालक म्हणाला, टाकीला हात लावायचा नाही. म्हटलं, हात न लावता पलीकडे जायचं कसं? एक बाई म्हणाली, स्वयंपाक चालणार नाही. म्हटलं, मग खायचं काय? म्हणाली, तो तुमचा प्रश्न. एका ठिकाणी भिंतीला लागून कपाट अशा जागी उभं केलेलं की मला राहवेना. तुला माहीतच आहे, आपण खोलीत शिरलो की आधी भिंत बघतो. कपाट जरा सरकवलं, तर मागे छतापासून जमिनीपर्यंत ओल. मालक भडकला. "तुम्ही घर बघायला आलात की धाड घालायला?"

सध्या एका लॉजमध्ये आहोत. ढेकूण आहेत. मी खोल्या बघायला वर जातो आणि ही खाली जिन्यात बसते. तिला फार जिने चढवत नाहीत.

तुझ्याकडे मागणं एवढंच. तू पूर्वी इथे ज्या ठेकेदाराकडे कामाला होतास, ज्याला तोंडावर 'साहेब' आणि मागे 'नारळ' म्हणायचास, त्याचा नंबर असला तर मेसेज कर. बोलू नकोस. नुसता नंबर पाठव. त्याला चार घरं माहीत असतील.

जुनं उकरत नाही. तेव्हा जे झालं ते झालं. हिला तेव्हा जमण्यासारखं नव्हतं, हे मी तुला तेव्हाच सांगितलं होतं.

तुझा धाकटा

ता.क. पाकीट बंद केलेलं पुन्हा उघडलं. ही विचारते, "आजाराचं लिहिलंत का?" लिहिलं म्हणालो, तर म्हणते, "वाचून दाखवा." म्हणून आता लिहितो. हिच्या घशात गाठ आहे. वाईट गाठ आहे. पस्तीस शेक द्यायचे आहेत, किरणांचे, आठवड्याला पाच. पुरे झाले तर आशा आहे, असं डॉक्टर म्हणाले. मध्ये खंड पडता कामा नये आणि राहायला स्वच्छ, मोकळी जागा हवी, तीही दवाखान्याच्या जवळ. सोमवारी पहिला शेक आहे.


१४ फेब्रुवारी
पत्ता : अजून नाही

दादा,

तुझा मेसेज आला. नुसता नंबर. ना 'बरा आहेस का', ना शिवी. तरी मी तो हिला दाखवला आणि ही लॉजच्या खाटेवर उठून बसली. "दादांनी पाठवला? स्वतः?" म्हटलं, नाही, पोपटाने पाठवला. मला चापट मारली तिने. आजारी माणसाच्या मानाने बऱ्यापैकी लागली.

पाच शेक झाले. तोंडावर जाळीचा घट्ट मुखवटा बसवतात, तो टेबलाला अडकवतात आणि हलू देत नाहीत. पहिल्या दिवशी ही बाहेर आली तेव्हा गालावर सगळी जाळी उमटली होती. मी म्हटलं, जाळीचा ठसा बरा उठलाय. हसली, पण हसताना दुखलं. आवाज बसत चाललाय. ज्या बाईचा आवाज आपल्या घरातून नळापर्यंत जायचा, तिला आता चहा हवा की नको हेसुद्धा खुणेने सांगावं लागतं.

जागेचं सांगतो. मंगळवारी मिळालीच होती. एक निवृत्त शिक्षिका आहेत, एकट्याच राहतात. मागची खोली स्वतंत्र, सकाळचं ऊन येणारी, भिंती कोरड्या ठणठणीत. दवाखाना चालत दहा मिनिटं. सात आठवडे चालतील म्हणाल्या! मला वाटलं, बाईच्या पाया पडावं. चहा दिला, हिच्याशी गप्पा मारल्या, ही बोलेना तर म्हणाल्या, सर्दी झालीय का? आणि मी शहाणा, खिशातून भाडं काढायला गेलो, तर काखेतली दवाखान्याची फाईल खाली पडली. कागद त्यांच्या पायाशी. त्यांनी उचलून दिले. देता देता वाचलं.

मग चहाचे कप आत नेऊन ठेवले. नंतर म्हणाल्या, "वाईट वाटून घेऊ नका. पण इथेच काही झालं तर मी एकटी काय करू? माणसाला आत घेणं सोपं असतं हो. नंतर बाहेर कसं काढायचं?"

मी असा काही तोंड सोडणार होतो की विचारू नकोस. पण हातातले कागद पुन्हा पुन्हा फाईलमध्ये लावत राहिलो. ते वाक्य मी पूर्वी ऐकलेलं होतं. कुठे, ते आत्ता लिहीत नाही. हिने माझा हात धरला आणि जिन्याकडे नेलं. शिक्षिकाबाई दारात रडत होत्या. वाईट बाई नव्हती रे.

उद्या नारळाला फोन करतो.

धाकटा


२५ फेब्रुवारी
पत्ता : तिसरा मजला, पण कुणाला सांगू नकोस

दादा,

मिळाली! म्हणजे मिळाली नाही, पण मिळाली. ऐक आता तुझ्या धाकट्याचं डोकं.

नारळाने मला आधी ओळखलंच नाही. तुझं नाव सांगितल्यावर म्हणाला, "तो? त्याच्यासारखा हात पुन्हा बघितला नाही." मग माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. जागेचं विचारलं तर म्हणाला, जागाबिगा आपल्याकडे नाही, रंगाचं काम आहे, करतोस? एक भाडेकरू गेला, दुसरा यायचाय, मधल्या दहा दिवसांत फ्लॅट रंगवून द्यायचा. किल्ली तुझ्याकडे.

दादा, किल्ली माझ्याकडे! सगळं शहर आम्हाला दार लावत होतं आणि या शहरात रोज कितीतरी घरं दहा-दहा दिवस रिकामी पडलेली असतात. त्यांच्या किल्ल्या रंगाऱ्याच्या खिशात असतात. एक संपलं की दुसरं, दुसरं संपलं की तिसरं. पस्तीस शेक असेच उरकू.

तर सध्या आम्ही दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि हॉलमध्ये राहतो. एवढ्या मोठ्या घरात आपण जन्मात राहिलो नव्हतो. आतल्या खोलीत गादी, ओट्यावर छोटी शेगडी. वॉचमनला सांगितलंय, बाई माझ्याबरोबर कामाला आहे. मालक बघायला येतो तेव्हा ही पॉलिश पेपर घेऊन भिंत घासत बसते. मालक नारळाला म्हणाला, "बाई कामसू आहे, बडबड नाही करत." आम्ही दोघं नंतर इतके हसलो, इतके हसलो. म्हणजे मी हसलो आणि ही खांदे हलवत होती.

बोलणं आता बंदच झालंय तिचं. पण तिने युक्ती काढली. माझी सुताराची पेन्सिल घेते आणि भिंतीवर लिहिते. मी तिच्याखाली उत्तर लिहितो. दुसऱ्या दिवशी त्यावर रंग चढतो, मग पुढची भिंत. पहिल्या दिवशी लिहिलं, 'स्वयंपाकघर छान आहे. घेऊन टाकू या का?' मी लिहिलं, 'पडदे कोणते हवेत?' परवा लिहिलं, 'भातात मीठ नाही.' मी बघतच राहिलो, कारण शेक सुरू झाल्यापासून हिला चवच लागत नव्हती. लिहिलं, 'तुला कळलं?' तर तिने लिहिलं, 'नाही. तुमच्या तोंडावरून कळलं.' त्या वाक्यावर रोलर फिरवायला माझा हात उचलेना. तिनेच शिडीच्या घोडीवर थाप मारून 'चला, चला' केलं.

तेरा शेक झाले. काल डॉक्टर म्हणाले, गाठ मऊ वाटतेय.

ती लिहायला सांगते की वहिनीला नमस्कार. मी म्हटलं, वहिनी तुझा नमस्कार घेणार नाही. तिने मान हलवली आणि पुन्हा बोट दाखवलं, लिहा. तर हा नमस्कार.

धाकटा


६ मार्च
पत्ता : दुसरा फ्लॅट, आजपर्यंत

दादा,

तुला हसू येईल. नाही, येणार नाही.

दुसऱ्या फ्लॅटमध्ये भिंती थोड्या आणि दारं-खिडक्या सगळ्या ऑइलपेंटच्या. नारळाने घाई लावली, नवे भाडेकरू सोमवारी सामान घेऊन येणार, आधी दारं उरक म्हणाला. मी उरकली.

तूच मला शिकवलंस. मी सोळा वर्षांचा होतो आणि तू डोक्यात टपली मारून सांगितलं होतंस की ऑइलपेंट पातळ करायच्या थिनरचा डबा उघडला की सगळ्या खिडक्या उघड्या, आणि त्या घरात दोन दिवस माणूस झोपवायचा नाही. मांजरही झोपवायची नाही, म्हणालास. मला काय ते माहीत नव्हतं? पंचवीस वर्षं लोकांना हेच तर सांगत आलोय. पण समोरच्या इमारतीतून सगळं दिसायचं, गादी दिसायची, दोरीवर वाळणारी तिची ओढणी दिसायची. वॉचमनने एकदा विचारलंही होतं, बाई घरी जात नाही का? म्हणून मी खिडक्या लावून घेतल्या. आतल्या खोलीच्या दाराला ओलं कापड लावलं, फटी बुजवल्या आणि म्हटलं, झालं, आत वास जाणार नाही. तिच्या भाजलेल्या घशाला किती वास पुरतो, याचा विचार केला नाही. घर मिळाल्याच्या आनंदात होतो मी.

तिसऱ्या दिवशी खोकताना रक्त आलं. तिने माझ्यापासून लपवायला ते रंग पुसायच्या फडक्यात पुसलं. मला वाटलं, लाल ऑक्साइड आहे. मग आठवलं, या फ्लॅटमध्ये लाल रंगच नाही.

डॉक्टरांनी घसा बघितला आणि माझ्याकडे बघितलं. "तुम्ही राहता कुठे?" म्हटलं, फ्लॅटमध्ये. "तिथे काही जाळता का? कसला धूर?" मी खाली बघितलं. माझ्या नखांत पांढरा रंग होता. त्यांनी माझा हात उचलून नाकाशी नेला, दादा. वास घेतला आणि सोडून दिला. रागावले असते तर बरं झालं असतं.

घसा सुजलाय, शेक थांबवलेत. आठ दिवस तरी. एकोणीस झाले होते. म्हणाले, असा खंड पडला की गाठीला पुन्हा बळ येतं. आता ती घासही गिळू शकत नाही, नाकातून नळी घातलीय. आणि थिनरचा वास पुन्हा कधी घशात जाता कामा नये, एक दिवससुद्धा नाही.

मी ऑइलपेंटला हात लावणार नाही, असं नारळाला सांगितलं. तो म्हणाला, मग तुझा उपयोग काय? पण एक फ्लॅट दिलाय, नुसत्या भिंती, पाण्यातला रंग. उद्या तिकडे जातो.

तुझ्याकडे पैसे मागत नाही की जागा मागत नाही. एकच मागतो. तुझा राग तिच्यावर आहे, तो सोडून दे. तेव्हा तिने तुम्हाला नाही म्हटलं, ठीक आहे, माणसाचं चुकतं. आता तिची अवस्था बघ आणि तिला माफ कर. एवढं कळव, मी तिला वाचून दाखवीन.

धाकटा


१७ मार्च
पत्ता : दवाखान्याच्या आवारातला बाक

दादा,

मागचं पत्र तुला मिळालंच असेल, कारण ते तिने स्वतः चिकटवून माझ्या हातात दिलं. टाकून या, अशी खूण केली. मला वाटलं, न वाचता दिलं. ते पत्र लिहून मी आठवडाभर तिसऱ्या फ्लॅटच्या खिडकीत उघडंच ठेवलं होतं, वर पुट्टीचा पत्रा ठेवून.

पत्र टाकून, नवा रोलर घेऊन परत आलो. हॉलच्या मोठ्या भिंतीवर, मधोमध, हातभर उंचीच्या अक्षरांत तिने लिहिलं होतं :

मी नाही म्हटलं नव्हतं. मी कपाट रिकामं केलं होतं.

पेन्सिलीने नाही. मी डब्यांवर फ्लॅटचे नंबर टाकतो त्या काळ्या मार्करने. रंगाऱ्याच्या घरात इतकी वर्षं काढलेली बाई ती. पेन्सिल रंगाखाली जाते आणि मार्कर वर येतो, हे तिला माझ्याइतकंच कळतं. ती गादीवर भिंतीकडे पाठ करून बसली होती. मी खाली उत्तर लिहिलं नाही. रोलर उचलला.

एक हात दिला. अक्षरं दिसत होती. वाळल्यावर दुसरा दिला. दुपारी तिसरा दिला. ओलं असेपर्यंत भिंत पांढरीशुभ्र, आणि वाळायला लागली की निळसर होऊन एकेक अक्षर वर येतंय. आधी 'नाही', मग 'कपाट'. तू म्हणशील, गाढवा, आधी ऑइल प्रायमर मार, मग रंग दे. अरे, कळतं ना मला! पण प्रायमर म्हटलं की थिनर आला. त्या भिंतीवर तो मारायचा तर तिला बाहेर काढायला हवं होतं आणि बाहेर न्यायला जागा नव्हती. दोन दिवस मी त्या भिंतीसमोर हात चालवत होतो आणि ती मागे बसून बघत होती. एकदाही रागावली नाही. उलट मला पाणी आणून दिलं.

काल सकाळी मालक आणि नारळ आले. मी तिच्या हाती पॉलिश पेपर दिला, पण नाकात नळी असलेल्या बाईला कोण कामवाली समजणार? मालक भिंतीजवळ गेला आणि मोठ्याने वाचलं. "मी नाही म्हटलं नव्हतं. मी कपाट रिकामं केलं होतं." वळून म्हणाला, "हा काय प्रकार आहे? कोण मी?" मग आत जाऊन गादी बघितली, शेगडी बघितली, औषधं बघितली. तासाभरात आम्ही रस्त्यावर होतो. नारळ जिन्यात मला म्हणाला, "तुझा भाऊ असता तर त्याने आधी प्रायमर मारला असता." त्याला काय माहीत.

आता लिहितोच. नऊ वर्षांपूर्वी तू आलास. वहिनीला सातवा महिना होता, डॉक्टरांनी हलायचं नाही, दवाखान्याजवळ राहा सांगितलं होतं. दवाखाना आपल्या घरापासून चार गल्ल्यांवर. तू म्हणालास, दोनच महिने मधली खोली दे. मी म्हटलं, विचारून सांगतो. हिला विचारलं. ती 'हो' म्हणायलासुद्धा थांबली नाही. उठली आणि मधल्या खोलीतलं कपाट रिकामं करायला लागली. वहिनीला वाकायला लागू नये म्हणून वरचे कप्पे आधी. संध्याकाळपर्यंत कागद अंथरून झाले होते.

माझ्या डोक्यात दुसरंच. घर वडिलांचं, वाटणी झालेली नाही. दादा एकदा आत आला की बाहेर कसा काढायचा? हेच वाक्य. शिक्षिकाबाईंच्या तोंडून ऐकलं ते माझंच होतं. दुसऱ्या दिवशी मी मधल्या खोलीला कुलूप लावलं आणि तुला फाटकातच सांगितलं, हिला जमणार नाही रे, तिचा स्वभाव तुला माहीतच आहे. तू तिच्याकडे बघितलंस. ती ओसरीवर उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं, आणि गप्प राहिली. मला खोटं पाडायचं नाही म्हणून गप्प राहिली.

मग तुम्ही दर आठवड्याला बसने ये-जा करत राहिलात आणि त्या बसमध्येच वहिनीचं ते झालं, बाळ गेलं. मला सगळं कळलं होतं. मी आलो नाही. हिला यायचं होतं, पण मी म्हटलं, तुझं तोंड त्यांना चालणार नाही. तेही माझ्यामुळेच चालणार नव्हतं.

नऊ वर्षं तिने माझं पाप स्वतःच्या अंगावर घेतलं. बोलता येत होतं तेव्हा एक शब्द काढला नाही. आणि मी वरून तुला लिहिलं, तिला माफ कर.

परत शेक सुरू केले होते, बावीस झाले. काल रात्रीपासून ताप आहे. आत तपासताहेत आणि मी बाहेर बाकावर बसून हे लिहितोय.

धाकटा


२ एप्रिल
पत्ता : तुला ठाऊक आहे

दादा,

आम्ही घरी आलो.

डॉक्टर म्हणाले, आता उरलेले शेक हिचं शरीर झेलणार नाही. मी म्हटलं, जागा बघतो, चांगली बघतो, कर्ज काढतो, हंसवाली घेतो. ते म्हणाले, "जागेचा प्रश्न आता राहिला नाही." तिने माझ्या खिशातून पेन्सिल काढली आणि फाईलच्या पाठीवर लिहिलं, 'घरी'.

किती दिवस, ते मी डॉक्टरांना एकट्याने विचारलं. दीड-दोन महिने म्हणाले. म्हणजे सात आठवडे धर. त्या मुदतीचं घर शोधत मी एवढं शहर पालथं घातलं होतं.

घरी आल्या आल्या ती मधल्या खोलीच्या दारापाशी जाऊन उभी राहिली. कुलूप गंजलं होतं, किल्ली फिरेना. मी हातोड्याने तोडलं. आत नऊ वर्षांची धूळ आणि कपाटात तिने तेव्हा अंथरलेले कागद, पिवळे झालेले. मी या खोलीत कधी रंग दिला नाही. सगळ्या गावाची घरं रंगवली, ही तेवढी राहिली. आता देऊ म्हटलं तर तिने जोरात मान हलवली. वास नको, आणि वेळही नाही.

दोन दिवस लागले तिला. खुर्चीत बसून एक कप्पा पुसायचा, मग पडून राहायचं, मग दुसरा कप्पा. मला हात लावू दिला नाही. नवे कागद अंथरले. मग मार्कर मागितला आणि कपाटाच्या वर, भिंतीवर, लिहिलं : 'वरचे दोन वहिनीचे. खालचे दादांचे.' अक्षर वाकडं आलंय.

तू या पत्रावर विश्वास का ठेवावास, हे मला सांगता येत नाही. मी तुझ्याजागी असतो तर आलो नसतो. वहिनीचं नुकसान मी कशाने भरून काढणार? माझ्यासाठी येऊ नका. तुम्ही म्हणाल तर मी ओसरीवर झोपेन, म्हणाल तर तेवढे दिवस दुसरीकडे राहीन, आता मला त्याची सवय झालीय. पण तिचा त्यात काडीचा दोष नव्हता. एवढं तिला तुमच्या तोंडून ऐकायचंय. ती मागत नाही, मी मागतोय. किती दिवस राहणार, हे या वेळी कुणी विचारणार नाही.

यायला जमणार नसेल तर तसं कळवू नकोस. रोज सकाळी ती ते चारही कप्पे पुन्हा पुसते. तेवढं चालू राहू दे.

तुझा धाकटा